गुलमखमल लावताना या चुका टाळा

गुलमखमल, अर्थात बटणफूल, कडक ऊन आणि पाण्याची ओढ निमूटपणे सोसते. त्यामुळे ते केव्हाही आणि कसेही लावले तरी येते, असे गृहीत धरले जाते. कोकणातल्या बागांत मात्र हे झाड उन्हाने नव्हे, तर बहुधा पाण्याने वाया जाते आणि त्याची सुरुवात पेरणीच्या वेळेपासूनच होते.

पहिल्या पावसाबरोबर इतर बियाण्यांसोबत गुलमखमलही उघड्या वाफ्यात टाकले जाते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाकाठी सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच कोसळतो. अशा सरींत कोवळी रोपे मुळाशी कुजून कोलमडतात. पेरणीपासून फुलापर्यंत साधारण १० ते १२ आठवडे लागतात, हे लक्षात घेऊन दिवाळीसाठी ऑगस्टच्या सुरुवातीस पारदर्शक पत्र्याखाली रोपे तयार करावीत आणि पावसाचा जोर ओसरल्यावर ती वाफ्यात लावावीत. पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेली रोपे उजेडासाठी लांबट आणि दुबळी होतात, म्हणून आडोसा पावसापासून असावा, प्रकाशापासून नव्हे. हिवाळी फुलांसाठी सप्टेंबर-अखेरची पेरणी अधिक निर्धोक.

बी उगवले नाही, की दोष बियाण्याला दिला जातो. हे बी लोकरीसारख्या आवरणात गुंडाळलेले असते. ते रात्रभर भिजवून जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. उगवण १० ते १४ दिवसांत होते, तोवर माती ओलसर असावी, चिखल नसावा.

जांभ्या मातीतून पाण्याचा निचरा चांगला होतो, पण भातखाचरालगतच्या सखल जागेत गादीवाफा, म्हणजे उंच केलेला वाफा, केल्याशिवाय हे झाड लावूच नये. माती ओली असूनही पाने पिवळी पडून झाड माना टाकत असेल, तर ते तहानेचे नव्हे, मूळकुजीचे लक्षण असते. तेव्हा आणखी पाणी घालणे हीच सर्वांत मोठी चूक ठरते. असे झाड उपटून दूर टाकावे आणि शेजारच्यांचे पाणी कमी करावे. पानांवर पांढरी पूड दिसली तर ती भुरी, म्हणजे एक बुरशीजन्य रोग होय. दाटी कमी करावी व पाणी सकाळी, पानांवर न उडवता, बुंध्याशी द्यावे.

खताचा हातही आखडताच बरा. युरिया किंवा शेणखताचा भरपूर मारा केल्यास झाड हिरवेगार माजते आणि फुले मोजकीच येतात. त्याऐवजी रोप १५ सेंटिमीटरचे झाल्यावर शेंडा खुडावा आणि दोन झाडांत २५ ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे.

फुलदाणीसाठी फुले हवी असतील तर जात पाहूनच रोपे घ्यावीत. रोपवाटिकांत कुंडीसाठी मिळणाऱ्या ठेंगण्या जाती वाफ्याच्या कडेला शोभतात, पण त्यांचे देठ फुलदाणीत पुरे पडत नाहीत. त्यासाठी ६० सेंटिमीटरपर्यंत वाढणाऱ्या जातीच हव्यात.

तोडणीची चूक मात्र जाणकारांकडूनही होते. निशिगंधाची किंवा ग्लॅडिओलसची कळी उमलू लागताच दांडा कापण्याची सवय येथे उपयोगी नाही, कारण कोवळे गुलमखमल मानेतच मोडते. ज्याला आपण पाकळ्या समजतो ती कागदासारखी रंगीत छदे, म्हणजे फुलालगतची रूपांतरित पाने असतात आणि खरी फुले त्यांच्या फटींतून डोकावणारे बारीक पांढुरके ठिपके. फुलाचा गोल पूर्ण रंगला, घट्ट झाला, की देठ कापावा. गोल वर लांबट होऊ लागला आणि अंगठा फिरवताच खालची छदे सुटू लागली, तर सुकवण्याची वेळ टळली असे समजावे. पाण्यात बुडणारी पाने काढली नाहीत, तर फुलदाणीतले पाणी लवकर नासते.

सुकवण्यासाठी पावसाळ्यातली फुले वापरूच नयेत. समुद्राकाठच्या दमट हवेत त्यांना बुरशी लागते. ऑक्टोबरनंतरची, दव सुकल्यावर तोडलेली फुले दहा-बारा देठांच्या सैल जुड्या करून कौलांखालच्या उबदार, हवेशीर आणि अंधाऱ्या माळ्यावर उलटी टांगावीत. जाड जुडीत आतली फुले काळवंडतात. दोन-तीन आठवड्यांत देठ कडकन मोडू लागले, की ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि जूनमध्ये डबा उघडा राहणार नाही, एवढे पाहावे.