वेल्समधला स्किरिड डोंगर: आईबाबांना घेऊन जायचं असेल तर असं जा

दर उन्हाळ्यात इथल्या आपल्या लोकांचे आईबाबा भारतातून येतात आणि मग सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, वेल्समध्ये डोंगर बघायला कुठे न्यायचं. बहुतेक जण पेन-अ-व्हॅन सांगतात. दक्षिण वेल्समधला तो सगळ्यात उंच, ८८६ मीटर, आणि सुंदर आहेच, पण सुट्टीच्या दिवशी तिथे इतकी गर्दी असते की पार्किंग शोधण्यातच अर्धा जीव जातो आणि साठीच्या पुढच्या माणसाला तो चढ जरा जास्तच होतो. मी गेली काही वर्षं सगळ्यांना स्किरिडला जा असं सांगतेय. ४८६ मीटर उंचीचा, अॅबरगेव्हनी गावाच्या ईशान्येला एकटाच उभा असलेला डोंगर. नीट वेळ काढून गेलात तर यासारखा डोंगर नाही, आणि घाईत उरकलात तर त्यातलं निम्मं हाती लागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी नाव. इंग्रजीत स्किरिड, वेल्श नाव अस्गरिड व्हाउर. व्हाउर म्हणजे मोठा, कारण शेजारी एक छोटा अस्गरिड व्हाख पण आहे. अस्गरिडचा अर्थ दुभंगलेला, फाटलेला असा सांगतात आणि तो का ते लांबूनच कळतं, डोंगराच्या पश्चिम अंगाला मोठी खाच आहे, जणू कुणी कुऱ्हाडीने तुकडा काढून बाजूला ठेवलाय. खरं कारण भूस्खलन. इथला खडक जुना तांबडा वालुकाश्म, वर कठीण थर आणि खाली मऊ मातीसारखा थर, असं असलं की खालचा थर भिजून सरकतो आणि वरचा आख्खा कडा घेऊन खाली बसतो. गावातले लोक मात्र शेकडो वर्षं सांगत आले की येशूला सुळावर चढवलं त्या क्षणी हा डोंगर दुभंगला, म्हणून याला होली माउंटन म्हणतात. इथली माती पवित्र मानून लोक खाली न्यायचे, शेतात टाकायचे, शवपेटीवर टाकायचे, चर्चच्या पायात घालायचे. आपल्याकडे देवाच्या डोंगरावरचा अंगारा घरी आणतात त्यातलाच प्रकार.

आता जायचं कसं. कार्डिफहून किंवा न्यूपोर्टहून अॅबरगेव्हनीची थेट ट्रेन आहे, कार्डिफहून साधारण पाऊण तास. स्टेशनपासून डोंगराच्या पायथ्याशी टॅक्सीने दहा मिनिटांत पोचता, पण परतीची टॅक्सी जातानाच ठरवून ठेवा, कारण वर उभं राहून फोन करू म्हटलं तर सिग्नल मिळेलच असं नाही. पाय चांगले असतील तर गावातून चालतही जाता येतं, बीकन्स वे नावाची लांब पल्ल्याची पायवाट स्किरिडवरूनच जाते. गाडीने जाणार असाल तर बी ४५२१ रस्त्यावर नॅशनल ट्रस्टचं पार्किंग आहे, पैसे भरावे लागतात, ट्रस्टचे मेंबर असाल तर फुकट. पार्किंग छोटं आहे, शनिवार-रविवारी सकाळी दहाच्या आत पोचलात तर निवांत, नंतर नशीब. रस्त्याच्या कडेला शेतकऱ्याच्या फाटकापुढे गाडी अजिबात लावू नका, तिथून ट्रॅक्टर जात असतो आणि आपल्यामुळे कुणाचं काम अडलं तर ते बरं नाही. आणखी एक, तिथे टॉयलेट नाही, म्हणून गावातच उरकून या, आईबाबा बरोबर असतील तर हे अगदी लक्षात ठेवा.

चढ किती? पार्किंगपासून माथ्यापर्यंत साधारण ३०० मीटरची चढाई, जाऊन येऊन सहाएक किलोमीटर. आतकरवाडीतून सिंहगड चढला असाल तर त्याच्या अंदाजे निम्मा समजा. तरुण मंडळी दोन तासांत परत येतात, आईबाबांबरोबर साडेतीन तास धरा आणि मध्ये चहाला बसा.

वाट सोपी आहे, चुकायला फारसा वाव नाही. पार्किंगपासून शेताच्या कडेने थोडं सपाट, मग फाटकातून जंगलात शिरायचं आणि तिथे खरा दम लागतो. झाडीतला हा टप्पा सगळ्यात चढाचा आहे, पायऱ्या केल्यात पण त्या कुठे उंच कुठे बुटक्या, पानगळीत वर ओली पानं साचली की निसरड्या होतात. बरेच जण इथेच दमून म्हणतात की अजून किती राहिलंय, तर त्यांना सांगा की अवघड भाग हाच आहे, झाडी संपली की संपलं. वरच्या फाटकातून बाहेर आलात की एकदम आभाळ उघडतं आणि समोर लांबलचक सोंड दिसते, साधारण किलोमीटरभर, अरुंद, दोन्ही बाजूंना उतार आणि मधोमध मळलेली वाट. चढ हळूहळू होतो, फक्त शेवटी माथ्याजवळ परत थोडा जोर लावावा लागतो. वारं मात्र फार असतं. खाली टीशर्टवर फिरत होतो आणि सोंडेवर कान दुखायला लागले असं जून महिन्यात पण झालंय आमचं.

ज्यांना चढ जमणारच नाही त्यांनी हिरमुसून गाडीत बसू नये. पायथ्याने डोंगराला वळसा घालणारी वाट आहे, पश्चिमेकडून गेलात तर त्या कोसळलेल्या खाचेच्या तळातून जाते, मोठमोठे दगड, त्यावर शेवाळ, वाकडीतिकडी झाडं आणि कमालीची शांतता.

माथ्यावर एक पांढरा सिमेंटचा खांब दिसेल, तो ट्रिग पॉइंट, जमिनीची मोजणी करताना सर्वेवाले त्यावर यंत्र बसवायचे. सगळे तिथे फोटो काढतात आणि परत फिरतात आणि मला याचंच वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट तिथून काही पावलांवर गवतात आहे. नीट बघा, जमिनीत एक चौकोनी खोलगट जागा आहे आणि तिच्याशी दोन दगड उभे आहेत, जेमतेम कमरेएवढे. ते एका छोट्या चर्चच्या दाराचे दगड आहेत. सेंट मायकेलचं चॅपल होतं इथे. सतराव्या शतकात कॅथलिक पंथावर बंदी होती, पूजा केली तर धर्मगुरूला थेट मृत्युदंड, तेव्हा या भागातले लोक इतक्या वाऱ्यापावसात हा डोंगर चढून इथे लपून प्रार्थनेला जमायचे. याच परिसरात काम करणारे फादर डेव्हिड लुईस पकडले गेले आणि १६७९ च्या ऑगस्टमध्ये जवळच्या अस्क गावात त्यांना फाशी दिली. १९७० मध्ये पोपने त्यांना संत जाहीर केलं. हे माहीत असलं की त्या दोन दगडांकडे बघताना वेगळंच वाटतं. आणि डोंगराच्या उत्तरेला जे गाव आहे, लानव्हिहँगल क्रुकॉर्नी, त्याच्या नावातही मायकेलच आहे, वेल्शमध्ये त्याला मिहँगल म्हणतात.

मागच्या वर्षी माझी आई साताऱ्याहून आली होती तेव्हा तिला घेऊन गेले. वय सहासष्ट, एक गुडघा दुखरा, पण डोंगर म्हटलं की पुढे. मी तिला चॅपलचं काही सांगितलेलं नव्हतं, वर जाऊन सांगू म्हटलं होतं. मी थर्मॉस काढत होते तेवढ्यात ती त्या दगडांपाशी गेली, चप्पल नाही पण बूट बाजूला काढून ठेवले, वाकून मातीला हात लावला आणि कपाळाला लावला. म्हटलं आई, तुला कुणी सांगितलं? तर म्हणाली, "अगं, डोंगराच्या माथ्यावर उंबरा आहे म्हणजे देऊळच असणार ना." त्या ओल्या गवतात तिचे पायमोजे भिजले आणि कपाळावर लाल मातीचा टिळा राहिला, घरी येईपर्यंत तिने तो पुसला नाही.

म्हणूनच मनापासून सांगते, त्या दगडांवर चढू नका, बसू नका, पोरांना उड्या मारू देऊ नका. दगड रचून मनोरे करायची हल्ली फॅशन आलीय तेही नको, कुठला दगड भिंतीचा होता ते मग कळत नाही. आणि संत्र्याची सालं, केळ्याची सालं पण टाकू नका, कुजतील म्हणतो आपण पण या थंडीत ती कितीतरी दिवस तशीच पडून राहतात. एक पिशवी जवळ ठेवायची आणि सगळं परत न्यायचं.

वरून दिसतं काय? पश्चिमेला टोकदार दिसतो तो शुगर लोफ, ५९६ मीटर, नैऋत्येला बसका लांबट ब्लॉरेंज, उत्तरेकडे ब्लॅक माउंटन्सच्या रांगा, पूर्वेला इंग्लंडातल्या हेरफर्डशरची शेतं, आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला सेव्हर्नच्या खाडीची चमक. पश्चिमेलाच अस्क नदीच्या खोऱ्यात क्रिकहॉवेल गाव आहे, त्याच्या जवळ ग्वर्नवेल नावाचं घर जॉर्ज एव्हरेस्टच्या घराण्याचं होतं. हाच तो भारताचा सर्व्हेअर जनरल, ज्याचं नाव १८६५ मध्ये जगातल्या सगळ्यात उंच शिखराला दिलं. माझ्या बाबांना डोंगरापेक्षा या माहितीत जास्त रस वाटला, ट्रिग पॉइंटला हात लावून बराच वेळ उभे होते.

आता वेळेचं, कारण इथे आम्ही चुकलोय. पहिल्यांदा गेलो ते नोव्हेंबरात, जेवून अडीचला चढायला लागलो, वर गेलो, फोटो, गप्पा, आणि उतरताना झाडीत शिरलो तर मिट्ट काळोख. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि मग पाच वाजायच्या आत सूर्य बुडतो, डिसेंबरात तर चारला. चार माणसांत एका मोबाइलचा टॉर्च, ओल्या पानांच्या पायऱ्या, बरोबर सात वर्षांची मुलगी, तिचा हात धरून एकेक पायरी चाचपत उतरलो तेव्हा खूप भीती वाटली. तेव्हापासून हेडटॉर्च बॅगेतून काढलेलाच नाही. हिवाळ्यात जाणार असाल तर सकाळीच जा. जूनमध्ये मात्र साडेनऊपर्यंत उजेड असतो, संध्याकाळी सहाला निघालात तरी चालतं, आणि ती वेळ सगळ्यात छान.

हवामान आदल्या रात्री मेट ऑफिसच्या साइटवर बघा आणि पाऊस किती यापेक्षा वारा किती ते आधी बघा. जोरदार वाऱ्यात त्या अरुंद सोंडेवर लहान मुलं आणि म्हातारी माणसं नकोत, सरळ दुसऱ्या दिवशी जा, डोंगर कुठे जात नाही. कपड्यांचे दोनतीन थर, वर वॉटरप्रूफ जाकीट, टोपी. जीन्स नको, भिजली की जड होते आणि वाळत नाही. बूट ग्रिपवाले हवेत, पावसानंतर इथली लाल माती लोण्यासारखी होते. आईबाबांना चालायच्या काठ्या घेऊन द्या, सुरुवातीला नको म्हणतात पण उतरताना त्याच काठ्या परत द्यायला तयार नसतात. माथ्यापलीकडे उत्तरेला उतरणारी वाट खूप तीव्र आहे, ओलं असताना तिकडे उतरू नका, आलात तसेच परत या.

ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल १३ नंबरचा नकाशा या भागाचा आहे, तो किंवा त्यांचं अॅप घ्या. काही झालंच तर ९९९ लावून पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू हवंय असं सांगायचं. बोलण्याइतका सिग्नल नसेल तर मेसेजही करता येतो, पण त्यासाठी आधीच ९९९ वर रजिस्टर हा शब्द पाठवून नोंद करावी लागते, हे घरी बसूनच करून टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

पायथ्याच्या शेतांत मेंढ्या असतात. फाटक जसं दिसलं तसंच ठेवायचं, बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. मार्च-एप्रिलमध्ये कोकरं असतात, मुलं पकडायला धावतात, पण लांबूनच बघू द्या. कुत्रा असेल तर पट्ट्यात. उन्हाळ्यात नेच्यासारखं ब्रॅकन कमरेपर्यंत वाढतं, त्यातून फिरलात तर घरी आल्यावर पायांवर गोचीड आहे का नक्की बघा. आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण हॅलो म्हणतो, तुम्ही पण म्हणा. कुणी फाटक धरून थांबलं तर दियोल्ख म्हणा, वेल्शमध्ये थँक्यू, त्यातला ख आपल्याला इंग्रजांपेक्षा सहज जमतो आणि लोकांचा चेहरा फुलतो.

खायला वरती काहीच मिळत नाही. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थोडे रव्याचे लाडू आणि थर्मॉसभर आल्याचा चहा नेतो. माथ्यावर वारं असतं म्हणून तिथे डबा उघडू नका, सोंडेच्या एका बाजूला जरा खाली उतरलं की आडोसा मिळतो, तिथे बसा. मंगळवारी जमत असेल तर फारच छान, त्या दिवशी अॅबरगेव्हनीत बाजार भरतो, उतरल्यावर तिथे जाऊन चीज आणि गरम वेल्श केक घ्या. गाडीत बसायच्या आधी बूट काढून पिशवीत टाका आणि घरी आल्यावर लगेच धुऊ नका, ती लाल माती वाळू द्या, दुसऱ्या दिवशी ब्रशने झटकली की निघते, ओली असताना घासली तर कापडात बसते ती बसतेच.