विमानाचं अंतर आणि वेळ काढताय? या चुका टाळा

कोल्हापूरहून नागपूरला विमानानं किती वेळ लागतो, असं मोबाइलवर शोधलं की कुठली तरी साइट ‘तासाच्या आत’ सांगून मोकळी होते. त्या भरवशावर माणूस दुपारच्या लग्नाला सकाळी निघायचं ठरवतो. आकडा खोटा नसतो, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर असतो.

पहिली हमखास चूक कोडची. कोल्हापूर स्टेशनचा कोड केओपी, रेल्वेची तिकिटं काढून काढून बोटांत बसलेला. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाचा कोड मात्र केएलएच. अंतर काढणाऱ्या साइटच्या चौकटीत केओपी टाकलात तर विमानतळांच्या यादीतलं थायलंडचं नाखोन फानोम येतं आणि नागपूर थेट अडीच हजार किलोमीटरच्या पुढं जातं. एवढा मोठा आकडा निदान डोळ्यांत तरी भरतो.

कोडऐवजी अक्षांश-रेखांश टाकताना होणारी चूक मात्र दिसतच नाही. विमानतळ साधारण १६ अंश ३९ मिनिटं उत्तर, ७४ अंश १७ मिनिटं पूर्व इथं आहे. हेच १६.३९ आणि ७४.१७ असं लिहिलं की विमान कोल्हापूर जिल्ह्यातल्याच मुरगूडजवळून उडायला लागतं! अंशात ६० मिनिटं असतात, त्यामुळं ३९ मिनिटं म्हणजे ०.६५ अंश. खरा आकडा १६.६६ आणि ७४.२९ च्या आसपास.

आता अंतर. नागपूर सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर. काही साइट हेच ३७९ दाखवतात. ते नॉटिकल मैल, म्हणजे विमान-जहाजांसाठी वापरतात ते; असा एक मैल १.८५२ किलोमीटरचा. एकक बघितल्याशिवाय आकडा उचलू नका.

खरी गोची वेळेत आहे. अशा साइटवरचे बहुतेक कॅल्क्युलेटर अंतराला ताशी ८०० किंवा त्याहून जास्त वेगानं भागतात. विमान काही उजळाईवाडीतनं उठल्या उठल्या त्या वेगानं धावत नाही. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरताना रांगेत थांबणं, यात वीस-तीस मिनिटं सहज जातात. लांब पल्ल्यात ती खपून जातात, छोट्या पल्ल्यात हिशोबच बिघडवतात. त्यात विमान पंख्याचं असेल, म्हणजे एटीआर, तर वेग ताशी ५०० च्या आसपास. तेच नागपूर मग जेटनं सव्वा तासाच्या आसपास आणि एटीआरनं पावणेदोन तासांच्या घरात. तिकिटावरची वेळ एका विमानतळावर जागा सोडल्यापासून दुसऱ्यावर जागेवर उभं राहीपर्यंतची असते, म्हणून ती कॅल्क्युलेटरपेक्षा जास्त दिसते. विश्वास तिच्यावरच ठेवा. हिवाळ्यात वर पश्चिमेचे वारे असतात, त्यामुळं परतीला थोडा जास्त वेळ लागला तर नवल नाही.

आणखी एक. कॅल्क्युलेटरला विमान आहे की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. कोल्हापूर-गोंदिया टाका, ८३० किलोमीटर आणि वर उड्डाणाची वेळसुद्धा सांगेल. हैदराबादवरून वळसा घेतला तर हवेतलं अंतरच ९६० च्या आसपास होतं, मधल्या थांब्याचे तास वेगळेच. म्हणून आधी विमान कंपनीचं वेळापत्रक बघा, मग अंतर काढा. दोन टप्पे जोडायचेच असतील तर शक्यतो एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसरं चुकल्याची जबाबदारी सहसा कुणी घेत नाही. बॅगही बहुधा मध्येच उचलून पुन्हा काउंटरवर द्यावी लागते.