लोड टाकला की आरसीसीबी पडते: माझा अनुभव

जुन्या घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली, म्हणजे गेलेला आणि परत आलेला करंट यांत फरक पडला की सप्लाय तोडणारा सुरक्षा-स्विच. एलईडी दिव्यांवर टिकायची. मिक्सर किंवा इस्त्री कुठल्याही खोलीत लावली की पडायची. मिक्सर बदलला, आरसीसीबी बदलली. पहिला वायरमन तर ती बायपास करून गेला, म्हणजे करंट तिला वगळून थेट जाईल अशी वायर टाकून. आईचा ओला हात रोज त्याच बोर्डावर, मला झोप लागेना.

मग परवानाधारक वायरमन बोलावले. त्यांचा क्रम असा: मेन बंद, मल्टिमीटरने सप्लाय गेल्याची खात्री, सगळे प्लग बाहेर, बायपासची वायर काढली. न्यूट्रल लिंकवरून (सगळ्या न्यूट्रल, म्हणजे परतीच्या वायरी जिथे जोडतात ती पट्टी) एकेक न्यूट्रल सोडवून अर्थशी कंटिन्यूइटी, म्हणजे थेट जोड आहे का, ते पाहिलं. स्वयंपाकघराच्या न्यूट्रलला बीप! सॉकेट उघडलं, तर अर्थ पिनपासून न्यूट्रलला बोटभर काळी वायर. अर्थिंग नव्हतं तेव्हाचा जंपर; यंदा अर्थ वायर ओढली, तो तसाच राहिला. म्हणून लोड टाकला की परतीचा थोडा करंट अर्थमधून जायचा आणि आरसीसीबी पडायची. त्या काळात न्यूट्रल तुटला असता तर फ्रिजचा पत्रा २३० व्होल्टवर आला असता.

जंपर काढला. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं मीटर) इन्सुलेशन तपासलं, १ मेगाओहमच्या बरंच वर, म्हणजे ठीक. आकडा टेस्ट रिपोर्टवर लिहून घेतला. न्यूट्रल परत जोडले, सप्लाय दिला, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं: पडली. पुन्हा चढवून मिक्सर लावला, टिकली.