सस्पेन्स शॉर्ट फिल्म करताय? मग घरातले लाईट बंद करू नका

हौशी सस्पेन्स शॉर्ट फिल्म म्हटली की एक सीन हमखास असतोच. रात्रीची वेळ, घरात एकटी मुलगी, लाईट जाते, ती मोबाईलचा टॉर्च लावून पॅसेजमधून आतल्या खोलीकडे जाते. आमच्या ग्रुपने पहिली फिल्म केली तेव्हा आमच्याकडेही हाच सीन होता आणि आम्ही खरंच सगळे लाईट बंद केले, खिडक्यांना चादरी लावल्या आणि शूट केलं. मोबाईलच्या स्क्रीनवर तेव्हा बरं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर लावलं तर काळ्या भागात करड्या मुंग्या वळवळत होत्या, मुलीचे केस कुठे संपतात आणि भिंत कुठे सुरू होते तेच कळत नव्हतं, आणि तिने डोळ्यांनी इतकं चांगलं काम केलं होतं ते सगळं वाया गेलं. त्याचं वाईट मला अजून वाटतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, याच एका सीनवर, म्हणजे प्रत्येक गोष्ट कुठे कामाला येते ते दिसेल.

आधी हे समजून घ्या की आपला डोळा अंधाराला सरावतो, पाच-दहा मिनिटांत खोलीतलं बरंच काही दिसायला लागतं. कॅमेरा सरावत नाही. उजेड कमी पडला की तो आयएसओ वाढवतो, म्हणजे जो थोडासा सिग्नल आलाय तोच मोठा करतो आणि त्याच्याबरोबर नॉईजही (त्याच करड्या मुंग्या) मोठा होतो. आणि दुसरं म्हणजे बघणाऱ्याला अंधार जाणवतो कधी, तर फ्रेममध्ये कुठेतरी काहीतरी उजळ असतं तेव्हा. देवघरात एक समई पेटलेली असली की बाकीचं घर काळोखं वाटतं, समईच नसेल तर नुसतं काही दिसत नाही एवढंच. सस्पेन्समधला अंधार लाईट लावूनच करावा लागतो, फक्त तो लाईट कुठे पडू द्यायचा आणि कुठे नाही हे आपण ठरवायचं.

कॅमेऱ्याचं आधी उरकून टाकू. मोबाईलवर शूट करत असाल तर फोनमधलं साधं कॅमेरा अ‍ॅप वापरू नका, ते सतत आपल्या मनाने एक्स्पोजर (चित्र किती उजळ घ्यायचं ते) बदलत राहतं, मुलगी दारातून आत आली की अख्खी फ्रेम हळूच उजळते आणि त्या क्षणी भीती संपते. मॅन्युअल कंट्रोल देणारं अ‍ॅप घ्या, ब्लॅकमॅजिक कॅमेरा फुकट आहे, आयफोनवर चालतं आणि बऱ्याच अँड्रॉईड फोनवरही. फ्रेम रेट २५ (सेकंदाला २५ चित्रं), शटर १/५० (एका चित्रासाठी सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड आत घ्यायचा), आयएसओ शक्यतो ४०० च्या आसपास आणि फारच गरज पडली तर ८००, व्हाईट बॅलन्स (कॅमेऱ्याने कुठला उजेड पांढरा धरायचा ते) लॉक, फोकस लॉक. लेन्स मेन वाली, १एक्स, कारण वाईड आणि झूमच्या लेन्समागचा सेन्सर बहुतेक फोनमध्ये लहान असतो आणि अंधारात लगेच खराब दिसतो.

१/५० चं कारण सांगतो, हे माहीत नसल्यामुळे खूप जणांचं फुटेज बिघडतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे ट्यूबलाईट आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. १/५० सेकंदात असे बरोबर २ फेरे बसतात, १/१०० मध्ये बरोबर १. पण फोन ३० फ्रेमवर १/६० लावून बसला तर फेरे अर्धवट राहतात आणि चित्रावर वरून खाली सरकणारे पट्टे दिसतात. हे पट्टे एडिटमध्ये काढणं फार त्रासाचं आहे, तेव्हा शूटच्या आधी प्रत्येक बल्ब लावून १० सेकंद टेस्ट घ्या. साधा एलईडी बल्ब डिमरवर लावू नका, तो लुकलुकतो. डिमर लावायचा तर जुना पिवळा फिलामेंटचा बल्ब शोधून आणा किंवा पाकिटावर डिमेबल लिहिलेला एलईडी घ्या.

आता लाईट. पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा की सीनमध्ये लाईट गेलीये ना, मग उजेड येतोय कुठून? उत्तर नसेल तर कितीही छान लाईट लावा, खोटंच वाटणार. आमच्या सीनपुरतं उत्तर असं की खिडकीतून बाहेरचा थोडा उजेड येतोय (चंद्र म्हणा किंवा समोरच्या बिल्डिंगचा जनरेटर सुरू आहे म्हणा), आणि मुलीच्या हातात टॉर्च आहे. बस, दोनच. जो लाईट लावाल तो या दोघांपैकी कुणाचा तरी वाटला पाहिजे.

खिडकीचा उजेड करायला एक एलईडी फ्लडलाईट घ्या, सोसायटीच्या गेटवर किंवा मांडवात लावतात तसला, इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळतो. तळमजल्याचं घर असेल तर खिडकीच्या बाहेर स्टँडवर, १०-१२ फूट लांब आणि जरा वरून. ग्रिलची सावली भिंतीवर कडक पडायला हवी असेल तर लाईट लहान आणि लांब पाहिजे, ट्यूबलाईटने ती सावली कधीच येत नाही, ट्यूब लांबट असते त्यामुळे सावली पसरते. वरच्या मजल्यावर असाल तर खिडकीबाहेर लाईट लटकवायच्या भानगडीत अजिबात पडू नका, आतच खिडकीच्या बाजूला फ्रेमबाहेर लाईट ठेवा आणि पुठ्ठा कापून ग्रिलसारखी जाळी करून ती लाईटसमोर धरा, पुठ्ठा मागेपुढे केला की सावली कडक-मऊ होते.

रंगाचं असं की फ्लडलाईटचा पांढरा साधारण ६५०० केल्विनचा असतो (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका पिवळा, मोठा तितका निळसर), कॅमेऱ्याचा व्हाईट बॅलन्स ४२००-४५०० च्या आसपास लॉक केला की तोच लाईट निळसर दिसायला लागतो आणि घरात लाईट जायच्या आधीचा पिवळा २७०० चा बल्ब छान उबदार दिसतो. म्हणजे निळा जिलेटीन पेपर न लावता चांदणं मिळालं, आणि लाईट गेली हेही रंगातूनच कळतं, पिवळं घर क्षणात निळं होतं. निळा फार करू नका, सगळं शाईत बुडवल्यासारखं दिसतं.

एकांकिका करून शॉर्ट फिल्मकडे आलेली मंडळी खूप असतात, आमच्यातही निम्मे तेच, आणि त्यांच्या हाताला सवय असते समोरून आणि वरून लाईट द्यायची कारण शेवटच्या रांगेपर्यंत चेहरा दिसला पाहिजे. सस्पेन्समध्ये कॅमेऱ्याच्या बाजूने लाईट द्यायचाच नाही. मुलगी ज्या बाजूला बघतेय त्या बाजूने, तिच्या जरा मागून लाईट येऊ द्या, म्हणजे चेहऱ्याचा सावलीचा भाग कॅमेऱ्याकडे येतो, नाकाची कड, गालाचं हाड आणि एक डोळा उजळतो, बाकीचं प्रेक्षक मनात भरतो. हा एकच बदल केलात तरी फिल्म वेगळी दिसेल.

मग अंतर. लाईट दुप्पट लांब गेला की उजेड चौथाई होतो, हा नियम कागदावर सगळ्यांना पाठ असतो पण वापरत कुणी नाही. समजा बल्ब मुलीपासून २ फुटांवर आहे आणि मागची भिंत बल्बपासून ८ फुटांवर, तर भिंतीवर उजेड तिच्या सोळाव्या हिश्श्याइतकाच पडतो, भिंत आपोआप काळी. तोच बल्ब ८ फूट लांब नेला आणि भिंत १४ फुटांवर आली तर भिंतीला तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा उजेड मिळतो आणि सगळं सपाट दिसतं. म्हणून मोठा लाईट आणण्याआधी छोटा लाईट जवळ आणा, आणि कलाकाराला भिंतीला चिकटून उभं करू नका, निदान ५-६ फूट पुढे घ्या.

आपल्या घरांची खरी अडचण म्हणजे भिंती. वन बीएचके, पांढरा किंवा क्रीम डिस्टेंपर, एक बल्ब लावला की उजेड चारी भिंतींवरून उड्या मारत सगळीकडे पोचतो आणि सावल्या भरून निघतात. इथे लाईटपेक्षा काळं कापड जास्त कामाचं. चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला, फ्रेमच्या अगदी कडेला, काळी सुती चादर टांगा (सॅटिन नको, चमकतं), सावली लगेच खोल होते. प्रोफेशनल शूटवर लाईटदादा काळे कटर लावतात ते याचसाठी. उलट सावली फारच काळी झाली तर तिथेच थर्माकोलची शीट धरा आणि पुढेमागे करून ठरवा. चादर आणि थर्माकोल, या दोन वस्तूंनी अर्धं काम होतं. आणि कॅमेऱ्याजवळ उभ्या असणाऱ्यांनी गडद कपडे घाला, एकाचा लाल टी-शर्ट कलाकाराच्या गालावर उतरलेला आम्ही एडिटला बसल्यावर पाहिला.

काळे केस आणि काळी भिंत एकमेकांत मिसळतात त्यावर लोक लगेच मागून बॅकलाईट मारतात, त्याने केसांभोवती चकचकीत कड येते आणि मालिकेसारखं दिसतं. त्यापेक्षा मागे उजेड ठेवा. पॅसेजच्या टोकाला स्वयंपाकघराची खिडकी आहे ना, तिथे एक मंद लाईट लावून मागच्या भिंतीचा एक तुकडाच उजळवा, मुलगी त्याच्यासमोरून गेली की तिची आकृती आपोआप सुटी दिसते. शिवाय लांबवर उजेडाचा तो तुकडा असला की प्रेक्षक सतत तिकडे बघत राहतो, तिथून काहीतरी सरकेल म्हणून. सस्पेन्सच्या दिग्दर्शकाला याहून जास्त काय पाहिजे.

टॉर्चचा शॉट वेगळा घ्यावा लागतो. मोबाईलचा टॉर्च समोर पडतो, धरणाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीच येत नाही. म्हणून ती जिकडे टॉर्च मारते तिकडे फ्रेमच्या बाहेर एकाने थर्माकोल घेऊन तिच्याकडे तोंड करून उलटं चालायचं, तो उजेड परत तिच्या चेहऱ्यावर येतो, हलतो, आणि डोळ्यात ठिपका चमकतो. डोळ्यातला हा ठिपका फार महत्त्वाचा, तो नसेल तर डोळे मेलेले दिसतात, म्हणजे भूत दाखवायचं असेल तेव्हा ठिपका मुद्दाम काढून टाका. टॉर्च फार प्रखर वाटला तर त्यावर बटर पेपरचे एक-दोन थर चिकटवा. हवेत टॉर्चची रेघ दिसायला धूप जाळा, खोली बंद करून ५ मिनिटं धूर पसरू द्या, आणि टॉर्च किंवा खिडकीचा लाईट कॅमेऱ्याच्या दिशेने तोंड करून असेल तेव्हाच धूर दिसतो, कॅमेऱ्यामागून मारलात तर नुसतं पांढुरकं होतं. टीममध्ये कुणाला दमा असेल तर धूर नकोच.

बाहेरचा रात्रीचा सीन असेल तर रात्री जाऊ नका, सूर्य मावळल्यावर १५-२० मिनिटं आकाश निळं असतं तेव्हा घ्या, झाडांची आणि घराच्या कौलांची कड दिसते, घरात पिवळा बल्ब लावून ठेवा. वेळ इतकी कमी असते की रिहर्सल दुपारीच पक्की पाहिजे.

विजेचं एक सांगतो. १००० वॅटचा हॅलोजन साधारण ४.३ अँपिअर खातो, घरातला साधा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे एका एक्स्टेन्शनवर दोन हॅलोजन लावले की ओव्हरलोड. आणि हॅलोजनच्या तोंडावर बटर पेपर किंवा चादर लावू नका, पेट घेते. एलईडी वापरा.

आवाजाकडे हौशी लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि भीती मात्र तिथूनच येते. फोन कॅमेरा ८ फुटांवर असेल तर त्याचा माईक खोलीचा घुमणारा आवाज घेतो. दुसरा फोन एअरप्लेन मोडवर टाकून, व्हॉईस रेकॉर्डर सुरू करून कलाकाराच्या जवळ फ्रेमबाहेर ठेवा, सुरुवातीला एक टाळी वाजवा, एडिटला त्या टाळीवर दोन्ही आवाज जुळवता येतात. फॅन बंद, फ्रिज बंद (परत सुरू करायचा विसरतो म्हणून ज्याची गाडी आहे त्याची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, ही जुनी युक्ती खरंच चालते). प्रत्येक खोलीत सगळ्यांनी गप्प उभं राहून १ मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. ती लागतेच, कारण एडिटमध्ये आवाज पूर्ण शून्य केला की प्रेक्षकाला वाटतं स्पीकर गेला, शांततेलाही तिचा एक आवाज असतो. पावलं, कडी, दाराची करकर हे नंतर वेगळं रेकॉर्ड करा आणि त्याच फरशीवर करा, शहाबादी फरशीवरचं पाऊल आणि टाईलवरचं पाऊल वेगळं वाजतं. म्युझिक शेवटी टाका, आधी पूर्ण सीन म्युझिकशिवाय बघा, भीती वाटली तर कदाचित म्युझिक लागणारच नाही.

आता एडिट. शूट करताना चेहरा जेवढा काळोखा हवाय त्यापेक्षा थोडा उजळच घ्या आणि नंतर डाव्हिन्ची रिझॉल्व्हमध्ये खाली ओढा, फुकटचं व्हर्जन पुरतं. उजळ घेतलेलं काळं करता येतं, काळ्यात जे रेकॉर्डच झालं नाही ते वर आणता येत नाही, नुसता नॉईज येतो, आणि नॉईज रिडक्शन त्या सॉफ्टवेअरच्या पैसे भरायच्या व्हर्जनमध्येच आहे. पूर्ण काळं फ्रेमभर पसरू देऊ नका, स्कोपवर (सॉफ्टवेअरमधला उजेडाचा आलेख) बघून थोडाच भाग शून्याला टेकवा. युट्यूबवर टाकल्यावर गडद भागात चौकोन-चौकोन दिसतात, कारण तिथे फाईल परत दाबून लहान केली जाते. यावर दोन उपाय, वरून हलका फिल्म ग्रेन (जुन्या फिल्मसारखे बारीक कण) टाकायचा, आणि १०८० मध्ये एडिट केली असली तरी ४के मध्ये एक्स्पोर्ट करून अपलोड करायची, तिथे बिटरेट (सेकंदाला मिळणारा डेटा) जास्त मिळतो.

शेवटचं चेकिंग लॅपटॉपवर रात्री अंधारात बसून करू नका. फिल्म घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर टाका आणि दुपारी खिडकीजवळ उभं राहून बघा, बहुतेक लोक तुमची फिल्म अशीच कुठेतरी बसमध्ये, ब्राईटनेस अर्धा ठेवून बघणार आहेत. पॅसेजच्या शॉटमध्ये त्या फोनवर मुलीचे डोळे दिसले नाहीत तर परत टाईमलाईनवर जा आणि फक्त तिचा चेहरा थोडा वर आणा, भिंत तशीच राहू द्या.