टॉवर नसलेल्या छोट्या विमानतळावर जाताना या चुका टाळा

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात खासगी पायलटचं लायसन्स काढणारी आपली मंडळी बहुधा पालो आल्टो किंवा रीड-हिलव्ह्यू इथे शिकतात. दोन्हीकडे कंट्रोल टॉवर आहे. उतरायचं कोणत्या रनवेवर, आपला नंबर कितवा, पुढचं विमान कुठे आहे, हे सगळं कंट्रोलर सांगतो. लायसन्स हातात पडलं की सुट्टीचा बेत ठरतो तो कॅलिफोर्नियातल्याच कोलंबियाचा, हाफ मून बेचा नाहीतर वॉटसनव्हिलचा. तिथे टॉवर नाही. सांगणारं कोणी नसल्यावर काय काय स्वतः बघावं लागतं याचा अंदाज नसतो, आणि बहुतेक चुका त्यातूनच होतात.

निघण्याआधी फोन न करणं

माझ्या मते ही पहिली चूक आणि टाळायला सर्वात सोपी. रनवेची लांबी, रेडिओची फ्रिक्वेन्सी, नोटम (पायलटांसाठीच्या तात्पुरत्या सूचना) हे सगळं अ‍ॅपवर मिळतं. पण पेट्रोल पंपाचं कार्ड मशीन आज चालू आहे का, शनिवारी तिथे विमानांचा मेळावा आहे का, बाहेरच्या विमानांना जागा शिल्लक आहे का, हे तिथला माणूसच सांगू शकतो. विमानतळाचं ऑफिस बहुतेक ठिकाणी संध्याकाळी लवकर बंद होतं, त्यामुळे फोन आदल्या दिवशीच करावा. एक प्रश्न आवर्जून विचारा: 'नवीन येणारे पायलट इथे कशात चुकतात?' दुपारी वारा कसा फिरतो, कुठल्या टेकडीमागे विमान खाली ओढलं जातं, कोणत्या वस्तीवरून उडायचं नाही, हे एका उत्तरात कळतं.

रेडिओवर बोललो म्हणजे समोरच्याला दिसलो, असं गृहीत धरणं

१८ ऑगस्ट २०२२ रोजी वॉटसनव्हिलला सेसना १५२ हे एक छोटं विमान पॅटर्नमध्ये, म्हणजे रनवेभोवतीच्या ठरलेल्या चौकोनी मार्गावर, फेऱ्या मारत होतं. त्याच वेळी दोन इंजिनांचं सेसना ३४० दहा मैलांवरून सरळ फायनलला, म्हणजे रनवेच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर, येत होतं. दोघेही एकाच फ्रिक्वेन्सीवर होते, दोघेही आपापली जागा सांगत होते. ३४० चा वेग १८० नॉटच्या (ताशी सागरी मैल) आसपास होता, म्हणजे १५२ च्या दुपटीहून जास्त. रनवेच्या थोडं अलीकडे, जमिनीपासून फार उंच नसताना, दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. तिघे गेले. त्या भागात उडणाऱ्या प्रत्येकाने त्या अपघाताचा तपास अहवाल वाचावा असं मला मनापासून वाटतं.

सरळ फायनलला येणं नियमबाह्य नाही. पण पॅटर्नमध्ये कोणी असेल तर त्यांच्या रांगेत बसणं ही येणाऱ्याची जबाबदारी. पिस्टन विमानांसाठी पॅटर्न साधारणपणे जमिनीपासून १,००० फुटांवर असतो. वळणं डावीकडे, चार्टवर उजवीकडची खूण असेल तरच उजवीकडे. डाउनविंडला (रनवेला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेचा टप्पा) ४५ अंशांत शिरायचं, आणि शिरण्याआधीच पॅटर्नच्या उंचीवर आलेलं असायचं. वरून उतरत पॅटर्नमध्ये घुसलात तर खालचं विमान तुमच्या नाकाआड जातं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. तुम्ही डाउनविंडवर आहात आणि कोणी 'तीन मैल, सरळ फायनल' म्हणतंय, तर ते विमान डोळ्यांनी दिसेपर्यंत बेसला (डाउनविंड आणि फायनल जोडणारा आडवा टप्पा) वळू नका. डाउनविंड थोडा लांबवा. सेसना १५२ किंवा १७२ मध्ये वळताना आतल्या बाजूचा पंख खाली येतो आणि नेमकी फायनलची दिशा झाकतो. म्हणून वळण्याआधी तो पंख क्षणभर वर उचलायचा, खालून फायनलचा पूर्ण पट्टा बघायचा, मगच वळायचं. दोन सेकंदांचं काम आहे. प्रत्येक फेरीला करा, आकाश रिकामं वाटत असलं तरी.

शिवाय अशा बहुतेक विमानतळांवर रेडिओ सक्तीचा नाही. पायपर कबसारख्या जुन्या विमानात वीजच नसते, तो एक शब्दही न बोलता उतरतो आणि ते पूर्णपणे नियमात बसतं. फ्रिक्वेन्सी शांत आहे म्हणून आकाश मोकळं समजू नका.

बोलताना गावाचं नाव गाळणं

१२२.८ सारखी एकच फ्रिक्वेन्सी अनेक विमानतळ वापरतात. उंचावर तुम्हाला ऐंशी मैलांवरचंही कोणी ऐकू येतं. म्हणून संदेशाच्या सुरुवातीला आणि शेवटी विमानतळाचं नाव घ्यायचं. दहा मैलांवर पहिला संदेश द्या, पण त्याआधी काही मिनिटं नुसतं ऐका. 'परिसरात कोणी असेल तर सांगा' हे वाक्य पुष्कळ जण वापरतात. ते वापरू नये असं एफएएच्या (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) पुस्तिकेतच म्हटलंय, कारण उत्तरं एकावर एक चढतात आणि कोणाचंच कळत नाही.

रात्री जाणार असाल तर त्याच फ्रिक्वेन्सीवर माइकचं बटण पाच सेकंदांत सात वेळा दाबलं की बहुतेक ठिकाणी रनवेचे दिवे पूर्ण प्रखर लागतात आणि पंधरा मिनिटं राहतात. आधीच लागलेले दिसले तरी पुन्हा दाबा. ते दुसऱ्या कोणी चौदा मिनिटांपूर्वी लावलेले असू शकतात.

डोळ्यांवर विसंबून उंची ठरवणं

रुंद रनवेची सवय असलेल्याला अरुंद रनवे दिसला की आपण फार उंच आहोत असं वाटतं, आणि तो नकळत खाली जातो. चढाच्या रनवेवरही तसंच होतं. कॅटालिना बेटावरचा विमानतळ १,६०२ फुटांवर आहे, रनवे ३,००० फुटांचा. २२ नंबरच्या रनवेचा सुरुवातीचा भाग चढाचा आहे, त्यामुळे उतरल्यावर पुढचं टोक दिसत नाही. रनवे संपला असं वाटून नवखे पायलट घाबरून करकचून ब्रेक दाबतात. उंची आणि वेग आकड्यांवरून सांभाळा. तिथे पहिल्यांदा जाताना इन्स्ट्रक्टरला सोबत न्या, तो खर्च योग्यच आहे.

उन्हाचा हिशेब न करणं

कोलंबिया साधारण २,१०० फुटांवर आहे. जुलैत पारा ३८ अंशांवर गेला की हवा विरळ होते आणि विमानाला ते साडेपाच हजार फूट वाटतं. चार माणसं, भरलेल्या टाक्या आणि दुपारी तीनची वेळ, हे सगळं एकत्र आलं की सकाळी सहज उडालेलं विमान रनवे खात जातं. मॅन्युअलमधला उडायला किती रनवे लागतो याचा तक्ता उघडा, आलेल्या आकड्यात निम्म्याची भर घाला, आणि तरीही रनवे कमी पडत असेल तर संध्याकाळपर्यंत थांबा. गोल्ड रशच्या काळातलं जुनं गाव चालत जाण्याइतकं जवळ आहे, वेळ छान जातो.

हाफ मून बेला प्रश्न वेगळा. उन्हाळ्यात समुद्रावरचे खालचे ढग दुपारनंतर सरकत येतात, सॅन होजेला मात्र लख्ख ऊन असतं. परतीची वेळ ढगांकडे बघून ठरवा, जेवणाच्या बिलाकडे बघून नाही.

तिथे पेट्रोल मिळेलच असं धरून निघणं

दिवसा तीस मिनिटांचा जादा इंधनसाठा कायद्याने पुरतो, मी तासाभराखाली जात नाही. पंप बंद निघाला तर पुढच्या विमानतळापर्यंत पोहोचता आलं पाहिजे. आणि आता इंधनाचा प्रकारही बघावा लागतो. सांता क्लारा काउंटीने १ जानेवारी २०२२ पासून रीड-हिलव्ह्यू आणि सॅन मार्टिनला १००एलएल हे शिसं असलेलं विमानाचं पेट्रोल विकणं थांबवलं. शिसेविरहित इंधनासाठी तुमच्या विमानाला मंजुरीचा कागद लागतो, आणि वेगवेगळ्या शिसेविरहित इंधनांची सरमिसळ खात्री केल्याशिवाय करायची नाही. विमान भाड्याचं असेल तर मालकाला आधी विचारा. पंपावर नळी उचलण्याआधी अर्थिंगची वायर लावा.

उतरलो म्हणजे संपलं, असं समजणं

विमान बांधायच्या दोऱ्या आणि चाकांचे ठोकळे स्वतःचे न्या. तिथल्या दोऱ्या उन्हाने कुजलेल्या असू शकतात. कुंपणाचं दार बाहेर पडताना आपोआप उघडतं, आत येताना कोड लागतो. बाहेर पडण्याआधी कोडचा फोटो काढा. ऑफिसची गाडी वापरायला मिळाली तर दिलेल्या वेळेत परत करा आणि टाकी भरून द्या, पुढच्या पायलटला ती मिळणं त्यावर अवलंबून असतं.

आणि व्हीएफआर (डोळ्यांनी बघून उडण्याचा) फ्लाइट प्लॅन भरला असेल तर तो बंद करा. टॉवर असला तरी तो आपोआप बंद होत नाही, इथे तर टॉवरच नाही. पोहोचण्याच्या वेळेनंतर अर्ध्या तासात बंद झाला नाही तर शोधाशोध सुरू होते. फ्लाइट सर्व्हिसला १-८००-९९२-७४३३ वर फोन लावा किंवा अ‍ॅपवरून बंद करा. काही दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे ऑफिसच्या भिंतीवर फोन आहे का हे आदल्या दिवशीच्या त्या फोनमध्येच विचारून ठेवा.