सांगलीचा पिनकोड ४१६४१६ वही-पेनावर कसा फोडायचा

पार्सलवर पत्ता लिहिताना सांगली ४१६४१६ असं आपण किती वेळा लिहिलं असेल, पण ह्या आकड्याच्या पोटात काय काय भरलंय ते कुणी बघितलंय का? कॅल्क्युलेटर नको, जुनी वही घ्या, चहा संपेपर्यंत होतंय.

आधी नुसतं बघत बसा. ४१६ दोनदा आलाय की, म्हणजे ४१६००० अधिक ४१६, म्हणजेच ४१६ × १००१. इथंच निम्मं काम झालं, कारण १००१ म्हणजे ७ × ११ × १३. (पोरांना गंडवायला हे लय भारी आहे, कुठलाही तीन अंकी आकडा मनात धर म्हणायचं, तोच परत शेजारी लिही, आता ७ नं भाग, आलेल्या उत्तराला ११ नं, मग १३ नं, शेवटी मनातलाच आकडा हातात येतो, भाचा तर दोन दिवस माझ्याकडं संशयानंच बघत होता.)

आता राहिला ४१६. निम्मा करत चला: २०८, १०४, ५२, २६, १३. पाच वेळा निम्मा झाला, म्हणजे २ पाच वेळा आणि उरला १३. सगळं एकत्र लिहा: २ पाचदा, ७ एकदा, ११ एकदा, १३ दोनदा. ह्या तेरावरच लोक चुकतात, एक ४१६ मधला आणि एक १००१ मधला, मी पण पहिल्यांदा एकच धरला आणि ताळा जुळेना म्हणून वैतागलो.

मग विभाजक मोजा. प्रत्येक मूळ संख्या जितक्या वेळा आली त्यात एक मिळवायचा, कारण ती अजिबात न घेणं हा पण एक पर्याय असतो, आणि सगळ्यांचा गुणाकार करायचा. ६ × २ × २ × ३ = ७२. समजा ४१६४१६ हळकुंडं आहेत, तर एकही शिल्लक न राहता सारखे ढीग लावायच्या ७२ तऱ्हा झाल्या.

अंकांची बेरीज करा, २२ येते. ४१६४१६ ला २२ नं भागलं की बरोब्बर १८९२८. असल्या संख्येला देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी हर्षद संख्या असं नाव दिलं. सातारकरांनी आपला ४१५००१ पण करून बघावा, बेरीज ११ येते पण भाग काय जात नाही, बाकी ४ उरते, सॉरी हां.

शेवटी ह्या आकड्याला कशानं तरी गुणून पूर्ण वर्ग बनवायचा असेल तर कोण जोडीविना राहिलंय ते शोधा: एक २, एक ७, एक ११. त्यांचा गुणाकार १५४. त्यानं गुणलं की ६४१२८०६४, आणि हा ८००८ चा वर्ग आहे, म्हणजे ८ × १००१, तोच १००१ परत आला बघा.