मुलाचा ताबा: न्यायालय काय पाहते आणि अर्जदाराने कोणती तयारी करावी

घटस्फोट कोणाच्या चुकीमुळे होत आहे आणि मूल कोणाकडे राहावे, हे न्यायालयापुढचे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. तरीही ताब्याच्या अर्जांत पानेच्या पाने पहिल्याच प्रश्नावर खर्ची पडतात आणि मुलाला शाळेत कोण सोडते, ताप आल्यावर रजा कोण घेते, याचा उल्लेखही नसतो. पत्नीचा व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण ठरू शकते, परंतु तेवढ्यावरून तिला मुलाचा ताबा नाकारता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे अर्जाची आखणी मुलापासून सुरू करावी.

हिंदू पक्षकारांना लागू होणाऱ्या १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचे कलम १३ मुलाच्या हिताला सर्वांत वरचे स्थान देते. कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी वडिलांचा आणि त्यांच्यानंतर आईचा उल्लेख आहे. मात्र वडील हयात असूनही मुलाकडे लक्ष देत नसतील तर आई नैसर्गिक पालक ठरू शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात दिला. पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असेही हेच कलम सांगते. गोव्यातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले की, इतक्या लहान मुलाच्या बाबतीत आई अयोग्य असल्याचे दाखवून देण्याची जबाबदारी वडिलांवर असते. मुस्लिम कायद्यात आईच्या ताब्याचे नियम वेगळे आहेत, पण तेथेही न्यायालय मुलाचे हित तपासतेच.

घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली त्याच न्यायालयात अर्ज करता येतो. दावा नसेल तर १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली, मूल जेथे नेहमी राहते त्या ठिकाणच्या कौटुंबिक न्यायालयात, आणि ते नसेल तेथे जिल्हा न्यायालयात जावे लागते. मुलाला घाईघाईने दुसऱ्या गावी नेऊन तेथे अर्ज करण्याचा सल्ला काही नातेवाईक देतात. तो मानू नये. अशा हालचालीचा अर्थ न्यायाधीशांना लगेच कळतो आणि तो अर्जदाराच्या बाजूने क्वचितच लागतो.

प्रतिज्ञापत्रात मुलाचा सध्याचा दिनक्रम, शाळा, आजारपण, घरात आणखी कोण राहते आणि आपण कामावर असताना मूल कोणाजवळ असेल, हे तपशिलाने लिहावे. सोबत शाळेच्या फीच्या पावत्या, प्रगतिपुस्तक, लसीकरणाचे कार्ड, डॉक्टरांचे कागद आणि पालकसभेला हजर राहिल्याच्या नोंदी जोडाव्यात. व्हॉट्सॲपवरील भांडणांच्या गठ्ठ्यापेक्षा या साध्या कागदांना अधिक वजन असते, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्पन्न कमी असलेल्या आईने त्या भीतीने मागे हटू नये, कारण मुलाच्या निर्वाहाचा आणि शिक्षणाचा खर्च दुसऱ्या पालकावर टाकण्याचा अधिकार न्यायालयाला कलम २६ खालीच आहे. हा खर्च मागताना दोन्ही पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

कौटुंबिक न्यायालयात प्रकरण सहसा आधी विवाह समुपदेशकाकडे जाते. मूल विचारपूर्वक पसंती सांगण्याच्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याच्याशी चेंबरमध्ये एकट्याने बोलू शकतात. त्यासाठी ठरावीक वय कायद्याने घालून दिलेले नाही आणि मुलाची पसंती न्यायालयावर बंधनकारकही नसते. ती त्याची स्वतःची आहे की घरून पाठ करून घेतलेली, एवढे मात्र तेथे बारकाईने पाहिले जाते. मुलाला शिकवून पाठवणे हा या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत महागात पडणारा उद्योग आहे.

अंतिम निकालाला वेळ लागतो, म्हणून अंतरिम ताब्याचा किंवा भेटीचा अर्ज सुरुवातीलाच द्यावा. वकील ज्याला ‘ॲक्सेस’ म्हणतात त्या भेटींचे वार, वेळ, मूल घेण्याची व सोडण्याची जागा, मे महिन्याच्या व दिवाळीच्या सुट्टीची वाटणी आणि व्हिडिओ कॉलची वेळ हे सारे अर्जातच मागावे. ‘सोयीनुसार भेट’ असा मोघम आदेश पुढे नव्या भांडणाला निमंत्रण देतो. परस्परसंमतीने घटस्फोट घेणाऱ्यांनीही हाच तपशील संमतीच्या अटींत घालावा, आणि पासपोर्ट कोणाकडे राहील व परदेशप्रवासाला दुसऱ्याची लेखी संमती लागेल का, हेही त्यातच ठरवून टाकावे.

ताब्याचा कोणताही आदेश कायमचा नसतो. बदली, पुनर्विवाह, आजारपण किंवा वाढत्या वयानुसार बदललेल्या गरजा अशी नवी परिस्थिती दाखवून त्यात बदल मागता येतो. आदेश मोडला जात असेल तर प्रत्येक हुकलेल्या भेटीची तारीखवार नोंद ठेवून त्याच न्यायालयात अर्ज करावा. मुलाला परस्पर उचलून आणू नये. कौटुंबिक न्यायालयाच्या अंतिम निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायचे असेल, तर कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १९ मध्ये त्यासाठी ३० दिवसांची मुदत दिली आहे.